कुंकळ्ळीच्या नायकांना हुतात्मा म्हणावे का?

पेडणेकर
जुलै १५८३ मध्ये दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळी गावात चर्चसाठी जागा बघायला आलेले पाच जेझुइट (चार पाद्री आणि एक ब्रदर) कुंकळ्ळीकरांनी मारले. पोर्तुगीजांनी सूड घेतला तो असा, की गावच्या सोळा नायकांना, म्हणजे प्रमुखांना, बोलणीसाठी असोळणेच्या किल्ल्यात बोलावले आणि दग्याने पंधरा जणांना ठार केले. एकाने नदीत उडी टाकली, तो वाचला. चर्चने १८९३ मध्ये त्या पाच जेझुइटांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले, आपण नायकांचे स्मारक बांधले. नायकांबद्दल आदर आहेच. पण सुटायची वाट उघडी असताना जो ती नाकारतो, तो हुतात्मा. स्मर्नाचा बिशप पॉलिकार्प, याला रोमन अधिकारी म्हणाला, ख्रिस्ताला शिव्या घाल, सोडतो. त्याने ऐकले नाही. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला समोर बंदुका रोखलेल्या असताना सत्याग्रही नि:शस्त्र पुढे गेले. नायक मात्र शब्दावर विसंबून गेले आणि फसले.

सांगेकर
पेडणेकरबाब, ही कसोटी रोमच्या दरबारातली. गोवा राज्य संग्रहालयातले कदंबकालीन वीरगळ, म्हणजे वीरांच्या स्मृतिशिळा, बघा, एकावर तर नौकायुद्ध कोरलेले आहे. वीरगळाची रीत ठरलेली: खाली लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. गुरे राखताना मेलेल्या साध्या माणसालाही गावाने हा मान दिला. त्याच्या हातात शस्त्र होते का, हे कुणी विचारले नाही. कुंकळ्ळी ज्या साष्टी तालुक्यात येते तिथली देवळे पाडली जात होती, गावची शांतादुर्गा फातर्पा गावी हलवावी लागली. अशा वेळी गावासाठी उभे राहिलेल्यांना तुम्ही नुसते बळी म्हणणार?

बाणावलीकर
मी कॅथलिक आहे आणि मला दोघांचेही पटत नाही. पाद्र्यांच्या हातात शस्त्र नव्हते, त्यांच्यासोबत स्थानिक ख्रिस्ती माणसेही मारली गेली. वीरगळ शौर्य सांगतो, समोर कोण मेला हे सांगत नाही. त्यांच्या मरणाकडे डोळेझाक करून नायकांचा गौरव मला जमणार नाही. पण एक सांगतो, कुंकळ्ळीचे कॅथलिक गावकार (गावची मूळ घराणी) आजही नायकांना आपले पूर्वज मानतात, देवीच्या सोत्र्यांच्या (छत्र्यांच्या) उत्सवात बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, छत्र्यांसोबत असतात. त्या गावाला हे दोन्ही पेलते.

पेडणेकर
सांगेकर, वीरगळाचा मुद्दा मान्य, म्हणून तर वीर म्हणा. गोवा मुक्तीच्या चळवळीतल्या बाळा राया मापारींनी १९५५ मध्ये कोठडीत छळ सोसून प्राण सोडले. नायकांना असोळण्यात असा निवडीचा क्षण मिळाला कुठे?

सांगेकर
निवड असोळण्यात झालीच नव्हती. कर द्यायचे नाकारले, पाडलेली देवळे पुन्हा बांधली, फौजेने गाव जाळले तरी नमले नाहीत, तेव्हाच झाली. मापारींचीही कोठडीत नव्हे, चळवळीत पाऊल टाकले तेव्हा झाली. शेवटच्या तासावरून माणूस जोखायचा, तर पंधरा जणांनी आधी जे पणाला लावले त्याचे काय करायचे, ते सांगा.