पार्किंगमधील पिल्लू : आपल्या ग्रुपवरील चर्चा

सचिव (ए-१०२) : सर्व सभासदांना नमस्कार. काल सायंकाळी आपल्याच सोसायटीतील तीन मुलांनी पार्किंगमधील कुत्र्याच्या पिल्लाच्या शेपटीला सुतळीने रिकामा डबा बांधून त्याला पळवले आणि घाबरलेले ते पिल्लू जिन्याखालच्या जाळीत अडकून बसले. वॉचमनमामांनी सुतळी कापून त्याला सोडवले. पालकांशी बोलणे झाले असल्यामुळे मुलांची नावे येथे कोणीही विचारू नयेत. पुढे काय करावे, यावर मात्र मते हवी आहेत.

बी-२०४ : जे झाले ते वाईटच. परंतु माझ्या नातवाला गेल्या वर्षी कुत्रा चावला होता आणि लसीचे सर्व डोस पूर्ण होईपर्यंत आम्ही काय सोसले ते आम्हालाच ठाऊक. भूतदयेच्या नावाखाली मुलांना कुत्र्यांच्या अंगावर हात फिरवायला शिकवू नये, एवढीच विनंती.

सी-३०१ (निवृत्त शिक्षिका) : वहिनी, आपली भीती रास्त आहे, पण दया म्हणजे कुरवाळणे नव्हे. खात असलेल्या, झोपलेल्या किंवा पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीजवळ जायचे नाही, हे ज्या मुलाला कळते ते स्वतः सुरक्षित राहते आणि प्राण्यालाही त्रास देत नाही. चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लसीसाठी दवाखाना गाठावा लागतो. घरी ओरडा बसेल म्हणून मुले हे लपवतात, आणि खरा धोका तिथे आहे. शाळेतील इतक्या वर्षांत मी एक पाहिले, की ‘त्रास देऊ नका’ असे सांगितलेले मूल ते विसरते, पण काम सोपवलेले मूल विसरत नाही. तेव्हा या तिघांसह सर्व मुलांना काम द्यावे. आवारातील कोणत्या कुत्र्याच्या कानाला कापल्याची खूण आहे, हे लांबूनच पाहून वहीत नोंदवावे. ती खूण नसबंदी झाल्याची असते; कोणी मारल्याची नव्हे. खूण नसलेल्यांची यादी जोडून सोसायटीने महापालिकेकडे नसबंदी व रेबीजच्या लसीकरणासाठी अर्ज करावा.

डी-४०३ (वकील) : बाईंची सूचना उत्तम आहे. कायद्याचे थोडे सांगतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये इतकाच आहे, म्हणजे आज त्यात धड दोन प्लेट भजीही येणार नाहीत. मात्र प्राण्याला ठार मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मुलांना कलमे पाठ नकोत. असे काही दिसल्यास ते पोलिसांना कळवण्याजोगे असते, एवढे समजले तरी पुरे.

ए-२०१ : उन्हाळ्यात आपले सोलापूर त्रेचाळीस अंशांवर जाते, तेव्हा फाटकाजवळ पाण्याचे मातीचे भांडे ठेवता येईल. नळाला काही दिवसांआड पाणी येत असताना ते कोठून आणायचे, असे कोणी विचारण्याआधीच सांगते : शाळेतून परतलेल्या प्रत्येक बाटलीत उरलेले पाणी असते आणि ते आपण बेसिनमध्ये ओततो. तेच मुलांनी भांड्यात ओतावे. डास होऊ नयेत म्हणून भांडे रोज घासावे.

बी-४०२ (आईच्या फोनवरून, इयत्ता सहावी) : मारणारा माणूस मोठा असेल, तर आम्ही काय करायचे?

सी-३०१ : बाळा, त्याच्याशी भांडायचे नाही आणि काठीच्या मध्ये जायचे नाही. वॉचमनमामांना किंवा घरातील मोठ्यांना तत्काळ बोलवायचे. जागा आणि वेळ लक्षात ठेवायची. कोणी व्हिडिओ काढला असेल, तर तो मित्रांना न पाठवता मोठ्यांना दाखवायचा. जखमी प्राण्यासाठी १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागता येते. तो फोन मोठ्यांकडून करवून घ्यायचा.

सचिव (ए-१०२) : सूचना मान्य. वही माझ्याकडून मिळेल. रविवारी सकाळी नऊ वाजता मुलांनी क्लब हाऊसमध्ये यावे.

बी-२०४ : नातवालाही पाठवते. पण लांबूनच.

बी-४०२ (आईच्या फोनवरून) : पिल्लाच्या आईच्या कानाला खूण नाही, मी पाहिले आहे. तिला पहिल्या क्रमांकावर लिहू का?

सचिव (ए-१०२) : लिही. तारीखही टाक.