पंधराव्या वर्षी मराठीत वाचायचं काय?

पाचपाखाडीकर:
माझी भाची नववीत आहे, कोपरखैरण्याला राहते. दर शनिवारी क्लास सुटला की ठाण्याला माझ्याकडे येते. 'द हंगर गेम्स' या इंग्रजी कादंबरी-मालिकेचे तिन्ही भाग तिने ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये, बहुतेक उभ्यानेच वाचून संपवले. मागच्या महिन्यात मी तिला मिलिंद बोकिलांची 'शाळा' ही कादंबरी दिली. नववीतला मुलगा, वर्गातली मुलगी, बाहेर आणीबाणी. वाटलं, हिच्याच वयाचं आहे, दोन दिवसांत फडशा पाडेल. साठेक पानं वाचून पुस्तक परत आलं. म्हणाली, "आत्या, छान आहे गं, पण हे तुमच्यासाठी आहे. तुम्हाला तुमची शाळा आठवावी म्हणून."

मला ते लागलं आणि पटलंही. आपल्याकडे फास्टर फेणे आहे, गोट्या आहे. तेराव्या वर्षी ते कपाट संपतं. पुढचं कपाट थेट मोठ्यांचं. मधल्या चार-पाच वर्षांत पोरं इंग्रजीकडे जातात आणि बरीचशी तिकडेच राहतात. त्यांच्या वयाचं, त्यांच्या आजच्या धास्तीचं, हवं तर ड्रॅगनसकट, मराठीत कुणीतरी लिहायला हवं. आणि तोवर त्यांच्या हातातल्या जाडजूड मालिकांना आपण नाकं मुरडू नयेत.

नेरूळची_खिडकी:
मला हे अजिबात मान्य नाही. वयाचं वेगळं कपाट हवंच कशाला? प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मधला लंपन मी सोळाव्या वर्षी वाचला. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे राहणारा मुलगा. 'वनवास' हे नाव का, ते तेव्हा डोक्यावरून गेलं. चाळिशीत मुलाला वसतिगृहात सोडून आले आणि त्या रात्री कळलं. पुस्तक आपल्यापेक्षा थोडं मोठं असावं, म्हणजे त्यात वाढायला जागा राहते.

तुमच्या त्या कादंबऱ्यांत सगळं मापात बेतलेलं असतं. सोळा वर्षांची नायिका, जुलमी सत्ता, तिच्यामागे दोन मुलगे. एक पुस्तक चाललं की त्याच साच्यातून आणखी दहा निघतात. मी माझ्या मुलाची अशी सहा-सात वाचली आहेत, न वाचता बोलत नाही.

रबाळे_लोकल:
काकू, साच्याबद्दल तुमचं खरं आहे, पण साचा म्हणजे अख्खा प्रकार नव्हे. उर्सुला ले ग्विनची १९६८ सालची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी घ्या. त्यात जादू कशी चालते? प्रत्येक वस्तूला एक खरं नाव असतं, ते ज्याला ठाऊक त्याची तिच्यावर सत्ता. म्हणून माणसं आपलं खरं नाव जिवाभावाच्या माणसालाच सांगतात. गेड हा हुशार मुलगा जादूच्या शाळेत ईर्षेपोटी नको ती शक्ती दाखवायला जातो आणि त्यातून एक सावली सुटते, ती त्याच्या मागे लागते. मी अकरावीत वाचलं तेव्हा दहावीच्या टक्क्यांवरून मित्राशी भांडून बसलो होतो. त्या सावलीने मला जे दाखवलं ते शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासांनी दाखवलं नाही. चांगल्या फॅन्टसीत जादू फुकट मिळत नाही, तिची किंमत मोजावी लागते. ते वाचण्याला बालिश म्हणू नका.

जुनंपान:
दोघेही एक गोष्ट विसरताय. मराठी कादंबरी सुरुवातीला रमली ती अद्भुतात. 'मुक्तामाला' १८६१ची, 'मंजुघोषा' १८६८ची. राजपुत्र, संकटं, योगायोग, सगळं त्यात होतं. पुढे हरिभाऊ आपट्यांनी १८८५च्या सुमारास 'मधली स्थिती' लिहायला घेतली आणि कादंबरी घरात, माणसांत आली. ते फार मोठं काम झालं. पण तेव्हापासून वास्तव म्हणजे वाङ्मय आणि अद्भुत म्हणजे पोरखेळ अशी वाटणीच होऊन बसली. नाथमाधवांचं 'वीरधवल' लोकांनी भरभरून वाचलं, तरी समीक्षेत त्याला मानाचं पान मिळालं नाही. मधलं कपाट रिकामं आहे ते याच वाटणीमुळे. लिहिणाऱ्यालाच वाटतं की ड्रॅगन आणला तर आपल्याला लेखक म्हणणार नाहीत.

नेरूळची_खिडकी:
जुनंपान, हे पटलं. आणि रबाळे, अर्थसी मी नक्की वाचेन. पण मालिकांच्या लांबीबद्दल माझा राग कायम आहे. जॉर्ज मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालिकेचा पहिला भाग १९९६चा, पाचवा २०११चा, सहाव्याची अजून वाट पाहणं चालू आहे. माझ्या मुलाने शाळेत सुरू केली, आता तो नोकरीला लागला. वाचकाला असं टांगून ठेवू नये, एवढं लेखकाने पाळावं.

रबाळे_लोकल:
वाट पाहण्यातच आमची मैत्री झाली, काकू. ऐरोलीला चढणारे दोघं आणि मी, पुढे काय होणार यावर तीन वर्षं भांडतोय. अपुरी आहे म्हणून ती मालिका मला कमी प्रिय नाही.

पाचपाखाडीकर:
नेरूळच्या ताई, तुमचं वाचून काल मराठी ग्रंथ संग्रहालयातून 'वनवास' आणलं. भाचीला वाचायला दिलं नाही. भाजी निवडता निवडता मीच मोठ्याने वाचत बसले. चौथ्या पानापर्यंत ती फोन बघत होती. मग फोन उलटा ठेवला. लंपनचं ते 'म्याडसारखं' तिला एवढं आवडलं की संध्याकाळी मैत्रिणीला सांगत होती, "पेपर म्याडसारखा लांब होता." मीही तिच्यासोबत हसले.

तरी माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. तिला स्टेशनवर सोडायला गेले, वाशीची गाडी लागलेलीच होती. खिडकी मिळाली, तशी तिने बॅग उघडली. 'वनवास' वरच होतं. ते बाजूला सारून खालून तिने इंग्रजी मालिकेचा दुसरा भाग काढला, ठाण्याचं जुनं तिकीट खूण म्हणून घातलेला.