मदत हवी आहे : फणसांबा नेमका कसा उगाळायचा?

सागरवेळ : बाळाला सतत लाळ गळते आहे आणि हिरड्या लाल झाल्या आहेत. आईने गावाहून फणसांबा, म्हणजे फणसाच्या झाडावरची औषधी बुरशी, पाठवला आहे. तो सहाणेवर पाण्यात उगाळायचा की दुधात, किती वेढे द्यायचे आणि दिवसातून किती वेळा लावायचा, एवढेच मला हवे आहे. कृपया लवकर सांगावे.

परसदारी : बाळ किती महिन्यांचे आहे? ताप आहे का? तोंडात पांढरे चट्टे किंवा फोड दिसतात का? आमच्याकडे फणसांबा पाण्यात उगाळून त्याचा पातळ लेप बोटाने हिरड्यांना लावत असत. लाळ फार गळत असेल तर हाच उपाय होता, आणि मोठ्यांना जुलाबातही तो पोटात देत असत. माझ्या दोन्ही मुलांना तो लावला होता आणि गुण आला होता.

काष्ठबुरशी : गुण कशाने आला हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, कारण दात येताना गळणारी लाळ काही दिवसांनी आपोआपही कमी होते. माझा प्रश्न वेगळा आहे : आपल्याकडे आलेला तुकडा कोणत्या झाडावरचा आहे? फणसांबा म्हणजे फणसाच्या खोडावर वाढणारी, वर्षानुवर्षे टिकणारी, लाकडासारखी टणक बुरशी. ती फेलिनस गटातली असून तिचा आतला भाग गंजासारखा तपकिरी असतो आणि खालच्या बाजूला अगदी बारीक छिद्रे असतात. वरून लाखेसारखी चकाकी आणि खाली पांढरट रंग असेल, तर ती बहुधा गॅनोडर्मा ही वेगळी बुरशी असते. वाळलेले तुकडे नुसते पाहून ओळखणे जाणकारालाही अवघड जाते.

उंबरठा : ही बुरशी जिवंत झाडावर असेल तर ती आतले लाकूड कुजवत असते. बाहेर दिसणारा कानासारखा भाग तोडून रोग जात नाही, कारण तिचे तंतू खोडात खोलवर पसरलेले असतात. झाड घराला टेकून असेल तर ते पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावे.

सागरवेळ : मी झाडाबद्दल विचारलेले नाही.

रानवाटा : अशा बुरशींचा उपयोग फार जुना आहे. १९९१ साली आल्प्समध्ये सापडलेल्या सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ भूर्जावरच्या बुरशीचे तुकडे चामड्याच्या पट्टीत ओवलेले होते, शिवाय चकमकीची ठिणगी धरण्यासाठी दुसऱ्या बुरशीचा मऊ गरही होता. रुमानियात त्याच गराच्या आजही टोप्या करतात. कोरियात तुतीवरच्या सांगह्वांग बुरशीचा काढा घेतात आणि तिच्या अर्कावर कर्करोगासंबंधी प्रयोगशाळेत संशोधन झालेले आहे. फणसांबा तिचाच नातेवाईक आहे, तेव्हा निश्चिंत मनाने द्यावा.

काष्ठबुरशी : नातेवाईक असल्याने औषधाचे गुण सारखे ठरत नाहीत, आणि प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसलेला परिणाम तान्ह्या बाळाच्या तोंडात लावण्याचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही. हे मी फणसांब्याच्या विरोधात लिहीत नाही. पश्चिम भारतातल्या या लोकऔषधाची नोंद व्हायलाच हवी, पण त्यासाठी आधी बुरशीची ओळख पक्की पाहिजे.

सागरवेळ : बाळ आठ महिन्यांचे आहे, ताप नाही, फोड नाहीत, दूध नीट पिते. आईला आता फोन केला. फणस दोन वर्षांपूर्वीच पडला, म्हणून तिने हा तुकडा शेजारच्या आंब्याच्या खुंटावरून काढून उन्हात वाळवला आहे. तिच्या मते चालतो.

परसदारी : मग माझा वरचा सल्ला मागे घेते. आमच्या आजीने आंब्यावरचा तुकडा कधीच उगाळला नव्हता.

काष्ठबुरशी : तो बाळाला लावू नये. आठव्या महिन्यात लाळ गळणे आणि हिरड्या सुजणे साधारणपणे दात येण्याचे लक्षण असते. स्वच्छ ओल्या फडक्याने हिरड्या हलकेच चोळाव्यात आणि हनुवटी कोरडी ठेवावी. ताप आला, दूध पिणे किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. तुकडा टाकू नका, त्याचा वरचा, खालचा आणि कापलेल्या बाजूचा फोटो येथे द्यावा.

सागरवेळ : लेप लावत नाही. फोटो उद्या उजेडात काढून टाकतो.