भरती झालात तर पाच लाख, पण रोजच्या गोळीचं काय?

कृष्णाकाठ

महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून आज आपल्या राज्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळू शकतात. अँजिओप्लास्टी, केमो, डायलिसिस हे सगळं त्यात आहे आणि ते असायलाच हवं. पण या योजनेचं कार्ड चालतं दवाखान्यात भरती झाल्यावर, किंवा यादीतली एखादी प्रक्रिया करायची असेल तर. मधुमेह, रक्तदाब, दमा, थायरॉइड, फिट्स या आजारांची गोष्ट वेगळी आहे. इथे घर पोखरलं जातं ते दर महिन्याच्या मेडिकलच्या बिलाने, आणि ते बिल मरेपर्यंत थांबत नाही.

आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि ३१.५ कोटी लोकांना उच्च रक्तदाब असल्याचा अंदाज त्यात आहे. यातल्या बहुतेकांना उद्या भरती व्हायचं नाहीये, त्यांना उद्या सकाळी गोळी घ्यायची आहे. ती सहा-सात वर्षं चुकत राहिली की मग लकवा, किडनी, पायाची जखम. तेव्हा आपलं पाच लाखांचं कार्ड पुढे येतं. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी गावोगावच्या मृत्यूंची कारणं तपासली तेव्हा पक्षाघात हे सर्वांत मोठं कारण निघालं, आणि त्यातले बहुतेक मृत्यू घरीच झालेले होते. म्हणजे कार्ड वापरण्याची वेळच आली नाही.

माझं स्पष्ट मत: दीर्घ आजारांची नेहमीची औषधं मोफत आणि अखंड देणं हा सरकारी आरोग्यखर्चातला पहिला हप्ता असला पाहिजे. भरतीचा विमा त्यानंतर. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहावं.

आकडेमोड

पटत नाही. सविस्तर लिहितो.

विमा असतो तो क्वचित येणाऱ्या आणि एका फटक्यात घर बुडवणाऱ्या खर्चासाठी. दरमहा ठरलेला, आधी माहीत असलेला खर्च कुटुंबाने नियोजनात बसवावा आणि सरकारने मोठा धक्का झेलावा, हे आरोग्य अर्थशास्त्रातलं जुनं आणि शहाणपणाचं तत्त्व आहे. मधुमेहाचं मेटफॉर्मिन, रक्तदाबाचं अम्लोडिपिन ही औषधं आपल्याकडे जगातल्या स्वस्त औषधांत मोडतात. त्यांच्यावर किंमत नियंत्रणही आहे.

दुसरं, फुकट दिलं की लोक बरे होतात, याला पुरावा हवा. अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात रँड संस्थेने कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या विमा योजनांत घातलं. ज्यांना सगळं मोफत होतं त्यांनी सेवा जास्त वापरल्या, पण सरासरी माणसाच्या तब्येतीत म्हणावा असा फरक पडला नाही. तिथल्याच ओरेगन राज्यात २००८ साली सोडतीने गरिबांना मेडिकेड, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, मिळाला. दोन वर्षांनी रक्तदाब, कोलेस्टेरॉल, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) यांत ठोस फरक दिसला नाही. आणि कॅनडातल्या अल्बर्टाचा 'अ‍ॅक्सेस' प्रयोग तर थेट तुमच्याच विषयावरचा आहे. हृदयविकाराचा धोका असलेल्या, कमी उत्पन्नाच्या ४,७६१ ज्येष्ठांपैकी निम्म्यांना औषधं पूर्ण मोफत दिली. तीन वर्षांनी मृत्यू, हार्ट अ‍ॅटॅक, भरती यांत फरक नाही. हा निकाल २०२३ चा आहे, शिळा नाही.

शिवाय खिशातून होणारा खर्च घटतोच आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात त्याचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. चाललेलं आहे ते मोडून नवीन कशाला मांडायचं?

औषधालय_सोलापूर

मी काउंटरवर उभा राहणारा माणूस. आकडेमोड म्हणतात की औषधं स्वस्त आहेत. मूळ औषध स्वस्त आहे हे खरं, पण चिठ्ठीवर ते सुटं येत नाही. तीन औषधं एकत्र केलेली गोळी येते, तीही ठरावीक कंपनीची. किंमत नियंत्रण यादीतल्या औषधाला कमाल दर आहे. यादीबाहेरच्या औषधाची किंमत कंपनीला वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवता येते. यादीतल्यांनाही २०२२ च्या एप्रिलमध्ये १०.७७ टक्के आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये १२.१२ टक्के वाढ मिळाली होती. हमालाची मजुरी तेवढी वाढली का?

आता रोज काय दिसतं ते सांगतो. महिन्याच्या पंधरा-वीस तारखेनंतर लोक पट्टी घेत नाहीत. "पाचच द्या, बाकीच्या बाजारानंतर नेतो." मी कात्रीने पट्टी कापतो. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख ज्या टोकाला छापलेली असते ते टोक माझ्याकडे राहतं, गिऱ्हाईक नुसता चंदेरी तुकडा घेऊन जातं. त्या पाच गोळ्या तो दिवसाआड घेतो हे मला पक्कं माहीत असतं, कारण तो परत दहा दिवसांनी येतो.

पण कृष्णाकाठ, तुमच्याशीही माझं भांडण आहे. सरकारी मोफत औषध म्हटलं की माझ्याकडे येणारे निम्मे लोक तोंड फिरवतात. जनऔषधीची गोळी घेऊन "हिनं गुण येत नाही" म्हणत परत येणारे मी पाहतो. विश्वास नसेल तर फुकट गोळी उकिरड्यावर जाईल. आधी दर्जा तपासून लोकांना दाखवा. आणि डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहायला लावा. मधुमेहाच्या एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२५ च्या मार्चमध्ये संपलं आणि साठ रुपयांच्या घरातली गोळी काही कंपन्यांनी दहाच्या आत आणली. जुन्याच ब्रँडच्या चिठ्ठ्या लिहिल्या जात असतील तर या स्वस्ताईचा गिऱ्हाइकाला काय उपयोग?

कृष्णाकाठ

आकडेमोड, तुम्ही दिलेले तिन्ही प्रयोग खरे आहेत. पण तुम्ही त्यांतलं अर्धंच मांडलंत.

रँडमध्ये सरासरी माणसाला फरक पडला नाही. पण गरीब आणि त्यातही रक्तदाब असलेल्यांना मोफत योजनेत पडला. त्यांचा रक्तदाब उतरला. आपण चर्चा करतोय ती नेमक्या याच माणसाची. ओरेगनमध्ये एचबीए१सी हलला नाही, पण मधुमेहाचं निदान आणि औषधं वाढली, नैराश्य लक्षणीय घटलं, आणि घर बुडवणारा वैद्यकीय खर्च जवळजवळ नाहीसा झाला. हा परिणाम तुम्ही मोजत नसाल तर आपलं मोजमापच वेगळं आहे.

आणि अल्बर्टा. तिथल्या ज्येष्ठांना सरकार आधीपासूनच औषधाचा ७० टक्के खर्च देत होतं. प्रयोगात उरलेले ३० टक्के माफ केले, त्या हिश्शालाही आधी कमाल मर्यादा होतीच. ते लोक बहुतांशी औषधं घेतच होते. याउलट कॅनडातल्याच ओंटारिओतला 'क्लीन मेड्स' प्रयोग पाहा: ७८६ माणसं, आणि अट अशी की पैशापायी औषध चुकवलेलं असलं पाहिजे. त्यांना मोफत औषधं दिल्यावर वर्षभरात नियमित औषध घेणाऱ्यांचं प्रमाण ११.६ टक्के बिंदूंनी वाढलं आणि सिस्टॉलिक, म्हणजे वरचा, रक्तदाब ७.२ अंकांनी उतरला. साखरेत फरक पडला नाही, हेही सांगतो. सोलापूरच्या काउंटरवर पाच गोळ्या मागणारा माणूस अल्बर्टातला की ओंटारिओतला, हे तुम्हीच ठरवा. त्याला तर शंभरातले शंभर स्वतःच भरायचे आहेत.

राहिला ३९.४ टक्क्यांचा मुद्दा. तो सगळ्या देशाच्या खर्चातला वाटा आहे. भरतीचा खर्च सरकारकडे गेला की तो उतरतो, पण त्याने कोणाचं महिन्याचं बिल कमी होत नाही. २००८ साली आलेली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनाही भरतीपुरतीच होती, तीस हजारांची. नंतरच्या अभ्यासांत गरीब कुटुंबांचा खिशातला खर्च तिने फारसा घटलेला दिसला नाही. ओपीडीतल्या खर्चात सर्वांत मोठा वाटा औषधांचा, आणि योजनेने हात घातला होता दुसरीकडेच.

तिन्हीसांज

मला अर्थशास्त्र कळत नाही, घर कळतं. म्हणून लिहिते.

माझ्या मावशीकडे नवरा-बायको दोघांना शुगर, मावशीला वर बीपी. काकांच्या गोळ्यांचा डबा फ्रिजवर, भरलेला. कारण काका कमावतात. मावशीच्या गोळ्या स्वयंपाकघरात साखरेच्या डब्यामागे, आणि ती गोळी विळीवर अर्धी करते. विचारलं तर म्हणते, "मला कुठं बाहेर जायचंय." सोयाबीनचे पैसे आले की महिनाभर पूर्ण गोळी, मग पुन्हा अर्धी. पहाटे उठून भाकऱ्या, म्हशीचं, नातवाचं सगळं तिच्याकडे. एक दिवस तिचा उजवा हात उचलेना. कार्डावर उपचार झाले, पैसे लागले नाहीत हे मी मान्य करते. पण नंतर तिचं सगळं करायला कोण राहिलं? सून कामाला जात होती, ती घरी बसली. नात बारावीनंतर नर्सिंगला जाणार होती, ती गेली नाही. सावकाराचे पैसे फिजिओथेरपीला आणि रिक्षाला गेले.

आकडेमोड, तुमच्या प्रयोगांत तीन वर्षांनी मृत्यू मोजले. ती नात कुठल्या रकान्यात मोजायची? आजार एकीला झाला आणि दोन बायकांचं आयुष्य बदललं. याला खर्च म्हणायचं नाही का?

चिकित्सक

प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करतो, म्हणून या बाजूने लिहितो. कृष्णाकाठ, तुम्ही मागताय ती गोष्ट कागदावर आलेली आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केस पेपरचे पैसेसुद्धा नाहीत. म्हणून 'मोफत करा' या घोषणेला माझा विरोध आहे. घोषणा झाली की सगळे मोकळे होतात आणि कपाट रिकामंच राहतं.

अडचण आहे सातत्याची. रक्तदाबाचं टेल्मिसार्टन आहे तर मेटफॉर्मिन नाही, पुढच्या महिन्यात उलट. आम्ही पंधरा दिवसांच्या गोळ्या देतो कारण साठा पुरवायचा असतो. मजुरी करणाऱ्या बाईला त्यासाठी महिन्यातून दोन खाडे पडतात. तिच्यासाठी ही गोळी मोफत नाही, दोन दिवसांच्या मजुरीची आहे. ती खासगी मेडिकलमधून पाच गोळ्या घेते यात मला नवल वाटत नाही.

जिथे हे नीट झालं तिथे काय केलं ते पाहा. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, आपल्याकडे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांत. कुठलं औषध आधी, कुठलं नंतर याच्या पायऱ्या ठरवलेल्या. मोजकीच औषधं, त्यामुळे खरेदीचा अंदाज बांधता येतो. महिन्याच्या गोळ्या एकदम. कोण आलं नाही याची यादी आणि त्याला फोन. देशभरात या उपक्रमाखाली उपचार घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा रक्तदाब आटोक्यात आला. तमिळनाडूत तर १९९० च्या दशकापासून औषध खरेदीचं वेगळं महामंडळ आहे. प्रत्येक दवाखान्याला पासबुक, जिल्ह्यात गोदाम, वाटपाआधी प्रयोगशाळेत तपासणी. २०२१ पासून तिथे शुगर-बीपीच्या गोळ्या घरपोच जातात. औषधालय_सोलापूर ज्या विश्वासाबद्दल बोलतात तो या तपासणीतून आणि गोळी न चुकता मिळण्यातून येतो. आपण २०१७ मध्ये औषध खरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली, २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण केलं. दारावरची पाटी बदलून गोळी येत नाही.

आकडेमोड

चिकित्सक यांचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत कामाचा. तिन्हीसांज, तुमच्या घरचं वाचून वाईट वाटलं आणि तुमचा प्रश्न रास्त आहे. घरच्यांची हुकलेली मजुरी आणि सुटलेलं शिक्षण फार थोडे अभ्यास मोजतात. तरीही मी विरोध सोडत नाही, कारण पैसा मर्यादित आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. यातच गोळी पहिली आणि भरती दुसरी म्हणालात तर कॅन्सरच्या रुग्णाला तुम्ही काय सांगणार? शिवाय सगळ्यांना मोफत म्हणजे कोथरूडच्या पेन्शनरलाही मोफत. ते मला चालत नाही.

कृष्णाकाठ

कोथरूडचे पेन्शनर आरोग्य केंद्राच्या रांगेत उभे राहतील असं मला वाटत नाही. राहिलेच तर गोळ्यांचा दर्जा घसरू देणार नाहीत, तक्रार करतील. त्यांनी यावंच. उत्पन्नाचा दाखला मागायला लागलो की सगळ्यात आधी तिन्हीसांज यांच्या मावशीच गळतात. तलाठ्याकडे जायला त्यांना कोण मोकळं आहे?

कॅन्सरच्या रुग्णाचं कार्ड काढून घ्या असं मी म्हणत नाही. दर वर्षी जो वाढीव निधी येतो त्यातला पहिला हिस्सा या आठ-दहा औषधांच्या खरेदीला बांधून द्या, आणि गोळ्या तीन महिन्यांच्या द्या. घाऊक निविदेतल्या दराने ही औषधं किरकोळ दराच्या मानाने फारच स्वस्त पडतात. चिकित्सक यांच्या 'सातत्य आधी' या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मोफतचा अर्थ मी तोच धरतो.

आकडेमोड

मग करून बघा, पण नीट. काही तालुके चिठ्ठ्या टाकून निवडा आणि तिथे तीन महिन्यांच्या गोळ्या द्या. बाकीच्यांत आहे तसंच चालू ठेवा. काय मोजणार ते आधी जाहीर करा. महात्मा फुले योजनेचे लकव्याचे आणि डायलिसिसचे दावे तालुकावार सरकारकडे आहेतच, तेच लावून पाहा. पाच वर्षांत दावे घटले तर मी तुमच्या बाजूने लिहीन.

तिन्हीसांज

नुसते दावे नकोत. घरात कोणाची गोळी आधी बंद होते, कर्ज किती झालं, मुलीचं शिक्षण थांबलं का, हेही विचारा. आणि ते बाईला एकटीला विचारा, सगळ्यांसमोर ती खरं सांगणार नाही.

चिकित्सक

हे सगळं विचारायला शेवटी आशाताईच जाणार. त्यांच्याकडे आत्ताच इतक्या नोंदवह्या आणि अ‍ॅप आहेत की जेवायला वेळ नाही. प्रयोग करायचा तर नोंदींसाठी वेगळं माणूस आणि वेगळा मोबदला आधी मंजूर करून घ्या, नाहीतर रकाने घरी बसून भरले जातील आणि तुमचा सगळा पुरावा बिनकामाचा होईल.