घरच्या लिनक्स मशीनवर सुडोला पासवर्ड हवाच का?

सरळसोट (धागा सुरू करणारा)

घरात चार मशीन आहेत असं धरू. फाइल सर्व्हर आणि बॅकअपसाठी एक मिनी पीसी, टीव्हीमागे रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) आणि दोन लॅपटॉप, सगळ्यांवर डेबियन किंवा उबुंटू. दर आठवड्याला प्रत्येकात शिरून अपडेट चालवायचं तर चारदा लॉगिनचा पासवर्ड, चारदा सुडोचा (सुडो म्हणजे रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, हक्काने आज्ञा चालवणं). कंटाळून माणूस अपडेटच टाळतो. तीन महिने पॅच न लागलेलं मशीन मला बिनपासवर्डच्या सुडोपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं.

म्हणून माझं मत: एसएसएचला (दुरून मशीनमधे शिरायची सोय) पासफ्रेजविना किल्ली (लॉगिनच्या पासवर्डऐवजी चालणारी फाइल; पासफ्रेज म्हणजे त्या फाइलचा पासवर्ड), सुडोला नोपासवर्ड (पासवर्ड न विचारण्याची सूट), आणि राउटरवर एकही पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडं नाही. बाहेरून वाटच नसेल तर आतल्या प्रत्येक खोलीला कुलूप लावून काय साधतं?

कडीकोयंडा

बाहेरून वाट नाही हे तुम्ही तपासलंय का? राउटरवर यूपीएनपी चालू असेल तर आतलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता पोर्ट उघडून घेतं, आणि पुष्कळ राउटरांवर ते चालूच येतं. दुसरं म्हणजे आयपीव्ही६, इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत. जुन्या आयपीव्ही४ मधे नॅटमुळे (सगळं घर राउटरच्या एकाच पत्त्यामागे) आतली मशीन झाकलेली राहतात. आयपीव्ही६ मधे प्रत्येक मशीनला स्वतःचा जाहीर पत्ता मिळतो, मधे उभा असतो तो फक्त राउटरचा फायरवॉल. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून मिनी पीसीच्या आयपीव्ही६ पत्त्यावर 22 नंबरचं, म्हणजे एसएसएचचं, पोर्ट लागतं का ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

शिवाय धोका आतही असतो. 2016 मधे मिराई नावाच्या मालवेअरने कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेल्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या टेलनेटवर (दुरून लॉगिनची जुनी पद्धत) लावून बघत. तसला कॅमेरा तुमच्या मिनी पीसीच्याच सबनेटमधे (नेटवर्कच्या त्याच भागात) असेल तर राउटरची भिंत काही कामाची नाही. असली उपकरणं गेस्ट वायफायवर टाका.

आणि पासफ्रेजविना किल्ली म्हणजे होम फोल्डरमधली एक साधी फाइल. एखादं बाधित पायथन पॅकेज बसलं की ती वाचली जाते. वर सुडोला नोपासवर्ड असेल तर त्याच फाइलने चारही मशीनवर रूट मिळतं. पासफ्रेज लावा आणि एसएसएच-एजंट (उघडलेली किल्ली मेमरीत सांभाळणारा प्रोग्राम) वापरा. लॅपटॉपवर लॉगिन केल्यावर एकदाच टाइप करावं लागतं.

सरळसोट

यूपीएनपी आणि आयपीव्ही६ मान्य. यूपीएनपी बंदच हवं.

एजंटचं मात्र पटत नाही. तेच बाधित पॅकेज माझ्याच युजरखाली चालतंय, तर एजंटशी बोलायची वाट, म्हणजे त्याचं सॉकेट, त्या पॅकेजलाही खुली. ते बॅशआरसीमधे (टर्मिनल उघडताना चालणारी फाइल) सुडो नावाचा एलियस (आज्ञेचं टोपणनाव) टाकून माझा पासवर्डही टिपून घेईल. मग रोज टाइप करून वाचलं काय? लॅपटॉप चोरीला जाण्याची भीती असेल तर डिस्कवर लक्स एन्क्रिप्शन (अख्खी डिस्क कुलूपबंद करणं) आहे.

कडीकोयंडा

एलियसचा मुद्दा बरोबर आहे. त्या हल्ल्यापुढे सुडोचा पासवर्ड टिकत नाही. पण किल्लीची फाइल चोरीला गेली तर ती कुठूनही, कधीही चालते. एजंटचा गैरवापर मात्र तुमचं सेशन चालू असेपर्यंतच, त्याच मशीनवरून. एजंटला किल्ली देणारी एसएसएच-ॲड आज्ञा चालवताना -टी 3600 (लहान टी, पुढे सेकंद) लावलं तर तासाभराने किल्ली एजंटमधून निघून जाते, -सी लावलं तर प्रत्येक वापराला होकार मागते. लक्सचं म्हणाल तर लॅपटॉप चालू असताना डिस्क उघडीच असते.

तारजोड

दोघंही सुडोवर अडलात. आधी अपडेटचं काम हातातून काढा: अनअटेंडेड-अपग्रेड्स लावा, सुरक्षा अपडेट आपोआप बसतात. कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलला की रीबूट मात्र तुम्हालाच करावं लागतं, कारण आपोआप रीबूट मुळात बंद असतं. म्हणजे सुडोची गरज महिन्यातून एक-दोनदा. तेवढा पासवर्ड टाइप करायला जड नाही.

तरीही नोपासवर्ड हवंच असेल तर ते एपीटीला (पॅकेज बसवणारी आज्ञा) देऊ नका. एपीटीला -ओ पर्याय देऊन हवी ती आज्ञा रूट म्हणून चालवता येते, म्हणजे सगळंच दिल्यासारखं. यूएसआर-लोकल-एसबिनमधे रूटच्या मालकीची, 755 परवानगीची (बदलणं फक्त मालकाला, चालवणं सगळ्यांना) अपडेट चालवणारी छोटी स्क्रिप्ट ठेवा आणि विसुडोने (सुडोचे नियम बदलायची आज्ञा) फक्त तिलाच सूट द्या. नियमात स्क्रिप्टच्या नावानंतर रिकामी दुहेरी अवतरणचिन्हं लिहिली की तिला आर्ग्युमेंट देता येत नाहीत.

किल्ल्या बसवल्यावर पासवर्ड लॉगिन बंद करताना हमखास फसणारी गोष्ट: लोक एसएसएचडी-कॉन्फिगच्या (एसएसएच सर्व्हरच्या, म्हणजे एसएसएचडीच्या, सेटिंगची फाइल) तळाशी पासवर्डऑथेंटिकेशन नो लिहितात आणि झालं समजतात. उबुंटू सर्व्हरवर बऱ्याचदा एसएसएचडी-कॉन्फिग-डॉट-डी फोल्डरात 50-क्लाउड-इनिट नावाची फाइल असते, तिच्यात येस लिहिलेलं असतं. ती आधी वाचली जाते, आणि एसएसएचडी पहिली सापडलेली किंमत धरतो. म्हणून सुडो एसएसएचडी -टी (कॅपिटल टी) चालवून खरी किंमत बघा. सर्व्हिस रीस्टार्ट करताना दुसरं सेशन उघडं ठेवा, नाहीतर मिनी पीसीला कीबोर्ड आणि मॉनिटर जोडत बसावं लागेल. किल्ली बरोबर असूनही पासवर्ड विचारला जात असेल तर होम फोल्डरवर ग्रुपला लिहायची परवानगी आहे का पाहा. तसं असेल तर सर्व्हर किल्ली नाकारू शकतो, आणि कारण सर्व्हरच्या जर्नलमधे (सिस्टिमच्या नोंदवहीत) दिसतं.

सरळसोट

स्क्रिप्टपुरती सूट, हे मी धरतो. पासफ्रेजही लावतो, -टीसकट. पण पायवर पूर्ण नोपासवर्ड राहू दे. तिथे गाणी आणि सिनेमे सोडून काही नाही.

कडीकोयंडा

चालेल, पण पायवर दुसऱ्या कुठल्याही मशीनची खासगी किल्ली नको. आणि बॅकअपची दिशा बघा. लॅपटॉप मिनी पीसीवर बॅकअप ढकलत असेल तर लॅपटॉप बिघडवणारा बॅकअपही पुसू शकतो. उलट करा, मिनी पीसीने ओढून घ्यावा. त्याची जाहीर किल्ली (जोडीतला उघड भाग) लॅपटॉपच्या ऑथराइज्ड-कीजमधे (आत येऊ द्यायच्या किल्ल्यांची फाइल) लिहिताना किल्लीच्या आधी फ्रॉम लिहून मिनी पीसीचा पत्ता, मग रिस्ट्रिक्ट (बाकी सोयी बंद), आणि कमांडमधे आरआरसिंक -आरओ (एका फोल्डरातून फक्त वाचू देणारी आज्ञा). ती किल्ली नेमून दिलेला फोल्डर वाचण्यापुरतीच चालते. राउटरवर मिनी पीसीचा पत्ता कायमचा राखून ठेवा, नाहीतर पत्ता बदलला की बॅकअप थांबेल.