मदत हवी आहे: गोलघुमटाचं कडं बसत नाहीये, रविवारच्या आत उपाय सांगा

केळीबाग
नमस्कार मंडळी. गोलघुमट बांधतोय. चारही भिंती, कोपऱ्यांचे मनोरे, छत, सगळं झालं. आता घुमटाखालचं अष्टकोनी कडं काही केल्या बसेना. एक कोपरा दाबला की समोरचा टक्कन वर येतो. हिशोब 12-17चाच घेतलाय, कोपऱ्याला 12 आणि तिरक्या बाजूला 17, त्यात चूक नाही. तीन रात्री यातच गेल्या. विटा भरपूर आहेत, पैशाचाही प्रश्न नाही. रविवारी कार्यक्रम आहे. चर्चा नको, उपाय सांगा.

धरणगावकर
सेंटरिंग लवकर काढलं का? घुमटाला घाई चालत नाही. माल कशाचा, चुन्याचा का सिमेंटचा? विटा भिजत घातल्या होत्या ना? कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते, मग सांधा सुटणारच. कोपरा उचलतोय म्हणजे आधी खाली कोणी उभं राहू देऊ नका.

केळीबाग
काका, लेगोच्या विटा. प्लास्टिकच्या. घुमट डायनिंग टेबलावर आहे.

धरणगावकर
मग तसं लिहायचं ना भाऊ. मी इकडं जेवण सोडून टाइप करतोय.

आठ_मिलिमीटर
1. स्केल काय? 2. विटा ओरिजनल का कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या? 3. कोपऱ्यात बिजागरीच्या प्लेट वापरल्या की एका स्टडवर, म्हणजे विटेवरच्या गोल उंचवट्यावर, फिरवलंय? 4. आधी कॉम्प्युटरवर जोडून बघितलं होतं का? 5. फोटो. यातलं काहीच न सांगता "चूक नाही" कसं म्हणता?

भुसावळ_जंक्शन
कारण सरळ आहे. ऊन. आमच्याकडं मे महिन्यात पारा 45च्या पुढं जातो, प्लास्टिक नरम पडणारच. पत्र्याच्या खोलीत ठेवलं असेल. कूलरसमोर ठेवा, रात्री जोडा.

आठ_मिलिमीटर
लेगोचं एबीएस प्लास्टिक नरम पडायला साधारण 100 अंश लागतात. भुसावळ कितीही तापलं तरी तेवढं नाही. उन्हानं पांढऱ्या विटा पिवळ्या पडतात हे खरं, पण तो वेगळा विषय.

भुसावळ_जंक्शन
साहेब, पुस्तकातलं तापमान वेगळं आणि दुपारी दोनला बंद गाडीत ठेवलेली वस्तू वेगळी. माझी कंगवा-पेटी वाकडी झालेली आहे.

चोपड्याची_सून
माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याच्यासाठी कुठला सेट घ्यावा? धागा दिसला म्हणून इथंच विचारते.

केळीबाग
@आठ_मिलिमीटर, स्केल वगैरे काढलं नाही, भिंत 48 स्टडची घेतली. खाली 32 स्टडच्या चार बेसप्लेट. विटा मिक्स आहेत. फोटो रात्री टाकतो, आत्ता दुकानात आहे.

पांझराकाठची
मूळ इमारतीची एक बाजू 47.5 मीटर धरतात. एक स्टड 8 मिलिमीटरचा धरला तर 48 स्टड म्हणजे 38.4 सेंटिमीटर, तेव्हा स्केल साधारण 1:124. घुमटाचा बाहेरचा व्यास 44 मीटर, म्हणजे तुमच्याकडं साडेपस्तीस सेंटिमीटर, साधारण 44 स्टड. उंची 51 मीटर धरली तर 41 सेंटिमीटरपर्यंत जाणार. पंखा चालू ठेवून फोटो काढू नका. मी पुण्यात भाड्याच्या घरात लेगोचा आयफेल टॉवर बांधलाय, 2022चा सेट, 10,001 तुकड्यांचा. उभा केला की 149 सेंटिमीटर. घरमालकीण आधी भाडं मागते, मग त्याच्याकडं बघून काहीतरी पुटपुटते.

सातपुडा_77
गोलघुमटच कशाला? आपल्या एरंडोल तालुक्यात फरकांड्याचे झुलते मनोरे आहेत, एक हलवला की दुसरा हलायचा. त्यातला एक कोसळला. ते करा, खान्देशचं नाव होईल. ताजमहाल तर लेगो कंपनीनंच करून ठेवलाय, 2008 साली 5,922 तुकड्यांचा, परत 2017 साली 5,923चा. आपलं कोण करणार?

भुसावळ_जंक्शन
त्यापेक्षा जळगाव महापालिकेची सतरा मजली करा. सगळं काटकोनात, कडं नाही, घुमट नाही.

केळीबाग
अहो रविवारी बाबांची पंचाहत्तरी आहे. नोकरीत त्यांची पहिली नेमणूक विजापूरला झाली, रेल्वेत होते. सतरा मजली दाखवून काय करू?

धरणगावकर
हे आधी सांगितलं असतं तर सेंटरिंगची चौकशी केली नसती. आता ऐका. गोलघुमट मी तीनदा पाहिलाय. चौकोनावर गोल बसत नाही, म्हणून आतून आठ कमानी घेतल्यात. एक चौकोन, त्यावर तिरका फिरवलेला दुसरा, अशा दोन चौकोनांत त्या एकमेकींत गुंतल्यात. चौकोनाचे कोपरे कापत कापत वर अष्टकोन तयार होतो आणि घुमट त्यावर बसतो. कोपऱ्यांतलं ते बांधकाम आत झुकतं, त्याचं वजन घुमटाच्या बाहेर ढकलण्याला अडवतं. मध्ये एक खांब नाही. तुमचं कडं उचलतंय म्हणजे तिरकी बाजू लांब झालीय किंवा आखूड. मेस्तरी बदलून उपयोग नाही, माप बदला.

आठ_मिलिमीटर
काकांना शंभर मार्क. केळीबाग, तिरक्या बाजूचे स्टड मोजलेत ना? 17 स्टड?

केळीबाग
हो. 17 स्टड तिरके, कोपऱ्यात दोन्ही बाजूंना 12-12 स्टड. व्हिडिओत तसंच सांगितलं होतं.

आठ_मिलिमीटर
तिथंच फसलात. 12-17 हे स्टडमधल्या अंतरांचं माप आहे, स्टडचं नाही. कुंपणाला 12 गाळे असले तर खांब 13 लागतात, तसं. तुम्ही 12 स्टड घेतले म्हणजे अंतरं 11च झाली. त्याचा कर्ण 15.56. आणि तुमची तिरकी पट्टी 16 अंतरांची. 0.44 स्टड जास्त, म्हणजे साडेतीन मिलिमीटर. विटेची पकड कितीही असो, साडेतीन मिलिमीटर कोण सोसणार? म्हणून कोपरा उचलतोय. खरा हिशोब घेतलात तर 12चा कर्ण 16.97, तुम्ही 17 धरणार. फरक पाव मिलिमीटरचा, तो सांध्याच्या ढिलाईत जिरतो.

तर बाजू सगळ्या 18 स्टडच्या. कोपऱ्यात 13 स्टड मोजा, म्हणजे 12 अंतरं. 18ची पट्टी मिळत नाही, 1×12 आणि 1×6 शेजारी ठेवा, वरून 1×8 आणि 1×10 अशी थर बदलून घ्या, सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. टोकांना खाली 1×1ची गोल प्लेट ठेवून एकाच स्टडवर फिरवा. कड्याची रुंदी 42 स्टड होते. 48 मधून 42 गेले की दोन्हीकडं 3-3 उरतात, म्हणजे मध्यभागीही नीट येतं.

भुसावळ_जंक्शन
एवढा उद्योग कशाला? फेविक्विकचा एक थेंब टाका, कडं जागेवर.

पांझराकाठची
फेविक्विकचं नाव काढू नका हो. प्लास्टिकवर पांढरी बुरशी आल्यासारखे डाग पडतात आणि वीट परत निघत नाही. मग कसला छंद, सोफ्याचा पाय चिकटवल्यासारखं झालं.

भुसावळ_जंक्शन
एकदा बांधल्यावर परत काढायचं कशाला, हेच मला आजवर समजलेलं नाही.

आठ_मिलिमीटर
मिक्स विटांबद्दल एक राहिलंच. कड्यात तरी ओरिजनल वापरा, कंपॅटिबल भिंतीत खपवा. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून दीड किलो घेतल्या होत्या, त्यातल्या निम्म्या बसताना कुरकुरतात आणि बाकीच्या आपोआप निघतात.

पांझराकाठची
आणि कड्याच्या वर जी फट राहील तिची काळजी नको. खऱ्या घुमटाच्या बुडाशी कमळाच्या पाकळ्या आहेत, घुमट त्यातून उगवल्यासारखा दिसतो. उतरत्या विटा उलट्या लावून पाकळ्या करा, सगळं झाकून जाईल. मला नटीला दागिने घातल्यासारखं वाटतं ते, पण चालतं.

केळीबाग
रात्री बारा वाजता सगळं कडं सुटं केलं. तेरा-तेरा मोजले. चारही कोपरे एकदम बसले, टक्क आवाज न करता. तीन रात्री एका स्टडपायी गेल्या. धरणगावकर काका, तुम्ही लेगोला हात लावलेला नाही तरी नेमकं तुम्हीच सांगितलंत. फोटोत कड्याचा रंग वेगळा आहे त्याकडं दुर्लक्ष करा, बदामी संपला म्हणून करडा लावला.

धरणगावकर
करडा चालेल, वरून घुमट बसल्यावर कळत नाही. गॅलरी केली का? आतून बोललं की दुसऱ्या टोकाला ऐकू जातं ती?

केळीबाग
काका, नाही केली. बाबांनीही आज टेबलाशी येऊन पहिला प्रश्न तोच विचारला. झाकून ठेवलं होतं, तरी चादर उचलून बघितलंच. घुमट न लावताच छताच्या भोकातून डोकं घातलं आणि "काय रे" म्हणून बघितलं. काही घुमलं नाही. आता गॅलरी कशी बसवू, दोन दिवसांत होईल का?

चोपड्याची_सून
सहा वर्षांच्या मुलाचं कोणी सांगितलंच नाही.