स्पेसर की पूर्ण किट?
पिकअप उंच करण्यासाठी अनेकदा स्वस्त स्पेसर (सस्पेन्शनमध्ये घालायची जाड चकती) सुचवला जातो; त्याला माझी हरकत नाही, मात्र समोर स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळे वर-खाली होणारे) असेल तर उंची साधारण 2 इंचांपलीकडे नेताच सीव्ही जॉइंटचा (चाकाला ताकद पोहोचवणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचा) कोन वाढतो, त्याचे रबरी बूट (आवरणे) लवकर फाटतात आणि वरच्या कंट्रोल आर्मचा (चाक धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट, म्हणजे गोलाकार सांधा, हालचालीच्या मर्यादेला टेकतो. त्याहून उंची हवीच असेल, तर डिफरन्शियलही (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) खाली घेणारी पूर्ण किट घ्यावी. मागे ॲक्सल (चाकांचा आस) आणि पाटे (लीफ स्प्रिंग) यांच्यामध्ये ठोकळे घालण्यापेक्षा, गाडीत नेहमी किती वजन असते ते पाहून निवडलेले नवे पाटे मला केव्हाही पसंत, कारण उंच ठोकळ्यामुळे जोर लावताना ॲक्सल पिळवटतो. चाक पूर्ण लोंबकळत ठेवून ब्रेकचा होज (ब्रेक ऑइलची लवचिक नळी) ताणला जात नाही ना, हे मात्र जरूर तपासावे.